असा पेशंटच न्हाय

आमच्या सरांना पुण्यात कुणीतरी सांगितलं की तुमचा डेटाबेस जुना झालाय, आणि माझा अख्खा हिवाळा त्यात गेला.

सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी म्हणजे कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला. खाली दिवसभर मशीनची घरघर, वर आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. शाळा, पतसंस्था, हुपरीचे चांदीवाले अशांची सॉफ्टवेअर आम्ही करतो. मी तिथली सगळ्यांत जुनी. माझ्या आधीचे आणि नंतरचे बरेच जण पुण्याला गेले, मी राहिले.

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक एक रक्त-लघवी तपासायची लॅब. मुख्य लॅब कोल्हापुरात, आणि गारगोटी, हुपरी, इचलकरंजी अशा गावांत तिची छोटी सेंटरं. सेंटरवर रक्त घ्यायचं, नळ्या गाडीनं कोल्हापूरला धाडायच्या, तपासणी झाली की रिपोर्ट वेबसाइटवर चढवायचा. सेंटरवरची बाई तो उघडते, छापते आणि पेशंटच्या हातात देते. ही वेबसाइट मी लिहिलेली. पेशंटचं नाव, गाव, वय, मागच्या तपासण्या, आत्ताचे आकडे हे सगळं पडद्यामागं ज्यात साठवलेलं असतं तो डेटाबेस. तो कुणाला दिसत नाही. आपलं गोडाऊन कुठं आहे हे दुकानातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक असायचं काही कारण नसतं, तसंच.

ते गोडाऊन बदलायचं असं सर पुण्याहून ठरवूनच आले.

"मॅडम, सकाळी साइट अडकते का न्हाय?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"अडकते सर. पण ती एका स्क्रीनमुळं. मागचे सगळे रिपोर्ट एकदम काढते ती. मला आठवडा द्या, ती नीट करते."

"स्क्रीन राहू दे. मुळातच घाव घालायचा. आता सगळी नव्यावर चाललीत. आपणच का मागं राहायचं?"

"सर, चालतंय ते का मोडायचं?"

"मी डॉक्टरांना शब्द दिलाय की."

इथं बोलणं संपलं. लॅबचे मालक डॉक्टर. त्यांना सांगलीकडं आणखी सेंटरं काढायची होती, आणि सरांनी येताना गाडीतूनच त्यांना फोन करून टाकला होता. सरांचा शब्द आणि आमचे हात, असं आमच्या कंपनीचं पहिल्यापासून आहे. सर माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी घरी लॅपटॉप पाठवून काम सांभाळून घेतलं होतं. पण एकदा कुणाला 'करतो' म्हणाले की मग ते काम सोपं आहे असं त्यांना मनापासून वाटायला लागतं.

दिवाळी झाली आणि मी कामाला लागले. उसाचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मोठमोठ्यानं लावलेली गाणी, आणि त्यांच्या मागं अडकलेली माझी स्कूटर. रोज ऑफिसात पोहोचेपर्यंत निम्मं डोकं तापलेलं असायचं. उरलेलं निम्मं नवा डेटाबेस तापवायचा.

आधी मराठी नावं बिघडली. जुन्यातून नव्यात गेली आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. गावांच्या रकान्यात तर गारगोटी नाही, हुपरी नाही, नुसती प्रश्नचिन्हांची रांग. जुन्यानं ती अक्षरं कशी ठेवली होती हे नव्याला कळत नव्हतं. ते सोडवण्यात माझे बरेच दिवस गेले. सर अधूनमधून मागं येऊन उभे राहायचे, प्रश्नचिन्हं बघायचे आणि म्हणायचे, "होतंय की." काय होतंय ते त्यांनाच माहीत.

मग जन्मतारखा आल्या.

आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख नसते. सेंटरवर विचारलं की सांगतात, धरण बांधलं तवा मी दुडदुडत हुतो. वेबसाइट लिहिताना मी सोय केली होती. तारीख माहीत नसेल तर शून्य तारीख, शून्य महिना, शून्य साल असं टाकायचं, आणि शेजारी अंदाजे वय. जुना डेटाबेस समजूतदार होता, त्यानं शून्य तारीख निमूट ठेवून घेतली. नवा शिस्तीचा. तो म्हणाला, अशी तारीख जगात नाही. आणि ती ओळच्या ओळ, म्हणजे ते माणूसच, आत घ्यायला तयार नाही.

मी सरांना सांगितलं.

"टाका एक जून सगळ्यांना. वयावरनं साल काढा आणि एक जून टाका. शाळेत न्हाय व्हय टाकत?"

माझं तोंड बघून ते म्हणाले, "काय झालं?"

काय झालं ते सांगायला वडिलांपासून सुरुवात करावी लागली असती. माझे वडील आमच्या घरात पहिल्यांदा शाळेत गेलेले. आमचा समाज बौद्ध झाला त्यानंतर काही वर्षांनी आजोबांनी त्यांना शाळेत नेऊन बसवलं. गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजोबांना सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी एक जून लिहिली. वर्गात बसवायला वय कमी पडत होतं, म्हणून दोन वर्षं वाढवून टाकली. त्या दोन वर्षांचं पुढं काय झालं ते मी पाहिलंय. मी इंजिनिअरिंगला असताना वडील कागदावर अठ्ठावन्न वर्षांचे झाले आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. खरं म्हणजे छप्पन्नचे होते, धडधाकट होते. मग इचलकरंजीला एका यंत्रमागवाल्याच्या शेडमध्ये कामगारांच्या पाळ्या लिहायला जायला लागले. रोज सकाळी एसटीनं जायचे आणि संध्याकाळी कानांत मागांचा खडखडाट घेऊन यायचे. जेवताना आम्ही काही विचारलं तर 'आँ?' म्हणायचे. माझं शिक्षण पुरं झालं ते त्या शेडवर.

हे सगळं सरांना मी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, खोटी तारीख मी टाकणार नाही. माहीत नाही तर जागा रिकामी ठेवायची. नवा डेटाबेस रिकामी जागा घेतो."

"मग ठेवा की रिकामी."

"त्याला सगळ्या स्क्रीन बदलाव्या लागतील. जिथं जिथं वय काढलंय तिथं शून्य तारीख धरून लिहिलंय. वेळ लागेल."

"किती?"

"बराच."

"मॅडम," सर खुर्ची ओढून बसले, "तारखेनं कुणाचं रक्त बदलतंय व्हय? रिपोर्टवर वय बरोबर आलं म्हंजे झालं. उगा तत्त्वाचा प्रश्न करू नका."

"लॅबमध्ये एकदा आत गेलेली तारीख पुढं कुणीतरी खरी धरणार, सर. विम्यावाला धरील, दवाखाना धरील."

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वडे ठेवून गेले. याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. स्क्रीन बदलायला लागले, आणि सरांनी दिलेली मुदत त्यातच संपत आली.

मुदत संपत आली म्हणून राहून गेली ती चाचणी. मला एक सेंटर हवं होतं, गारगोटीचं. तिथं आधी थोडे दिवस नवं चालवून बघायचं आणि मगच सगळीकडं लावायचं, असं मी म्हणत होते. सर म्हणाले, डॉक्टरांनी सगळ्या सेंटरांना रविवार कळवलाय, आता मागं फिरता येत नाही. मी डॉक्टरांना स्वतः फोन लावला.

"तुमच्या सरांनी तर सांगितलं सगळं तयार आहे म्हणून," डॉक्टर म्हणाले. "नाहीये का?"

सर समोरच बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आहे," मी म्हणाले.

रविवारी दुपारी लॅब बंद झाली आणि आम्ही बदल केला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची फुटबॉल मॅच होती. आमच्याबरोबरचा एक जण मोबाइलवर स्कोअर बघत होता. खालून गाड्यांवर झेंडे घेऊन पोरं बोंबलत गेली तेव्हा आत माझी शेवटची मोजणी चालली होती. जुन्यातली माणसं आणि नव्यातली माणसं सारखी भरली. मराठी नावं नीट, रिकाम्या तारखा रिकाम्या. साइट पूर्वीपेक्षा झरझर चालायला लागली. सरांनी सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजलं. मलाही वाटलं, झालं बाई एकदाचं.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. गारगोटी सेंटर. तिथं एक ताई बसतात, माझ्याच वयाच्या असतील, रक्त घेण्यात हात हलका आणि बोलण्यात जड. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारख्या त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.

"ओ मॅडम! काय करून ठेवलंय हे? पेशंट माझ्या म्होरं बसलाय, गेली पाच वर्सं येतोय, आणि तुमचं मशीन म्हणतंय असा पेशंटच न्हाय!"

"कुठल्या स्क्रीनवर शोधताय ताई?"

"मला काय ठावं स्क्रीन! मी नाव टाकलो, ते न्हाय म्हणतंय. दुसऱ्याचं टाकलो, न्हाय. माझं स्वतःचं टाकून बघितलो, मीबी न्हाय! हितं रांग लागलीया, सगळी उपाशीपोटी आल्यात, माझं डोस्कं खातायत."

पोळी तव्यावर करपली. मी तशीच लॅपटॉप उघडून बसले. चूक सापडायला वेळ लागला नाही. नावं इंग्रजीत टाकतात. कुणी सगळी कॅपिटल अक्षरात, कुणी स्मॉलमध्ये, कुणी कसंही. जुन्या डेटाबेसला दोन्ही एकच. नव्याला ती दोन वेगळी माणसं. हे मला माहीत होतं, मुख्य शोधाच्या जागी मी ते सांभाळलंही होतं. पण सेंटरवाल्यांच्या मोबाइलसाठी एक छोटी स्क्रीन होती, आमच्यातल्याच एकानं पुण्याला जाता जाता लिहून दिलेली, आणि सेंटरवर सगळे तीच वापरत होते. ऑफिसात बसून ते कुणाला दिसलं असतं? गारगोटीला नुसतं सकाळभर चालवून बघितलं असतं तर दिसलं असतं.

मी सरांना फोन केला. "आत्ताच्या आत्ता जुन्यावर परत जाऊ या. अजून फार नोंदी झालेल्या नाहीत."

"थांबा, थांबा. किती वेळात दुरुस्त करताय?"

"दुपार होईल."

"मग दुपारपर्यंत कळ काढतील की. परत गेलो तर डॉक्टरांना काय सांगू?"

दुपारपर्यंत मी शोध दुरुस्त केला. पण तोवर प्रत्येक सेंटरवर नव्या नोंदी नव्या डेटाबेसात पडल्या होत्या आणि मागं जायचा रस्ता बंद झाला होता. सरांनी सेंटरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, किरकोळ अडचण होती, दूर केली आहे. खाली कुणीतरी अंगठा टाकला.

खरा घोटाळा मला त्या दिवशी कळलाच नाही. शोध दुरुस्त झाला, पण गारगोटीच्या ताईंचा त्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी शोधणंच सोडून दिलं. येईल त्या माणसाची नवी नोंद करायची, नाव-गाव टाकायचं, रक्त घ्यायचं, मोकळं व्हायचं. त्यांना ते सोपं पडायला लागलं. कितीतरी दिवस हे चाललं आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तक्रारच नव्हती. साइट जोरात चालली होती. सर जो भेटेल त्याला सांगत होते की आम्ही बदललं, तुम्हीपण बदला.

मग गारगोटीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन लॅबच्या डॉक्टरांना आला, लॅबच्या डॉक्टरांचा सरांना, आणि सर फोन कानाला धरूनच माझ्या टेबलापाशी आले. किडनीचा त्रास असलेले एक आजोबा. रिपोर्टवर आत्ताच्या आकड्याशेजारी मागचा आकडा छापलेला असतो, म्हणजे वाढला की कमी झाला ते कळतं. तिथं मोकळी जागा होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना पेशंट तोंडावरून आठवत होता म्हणून बरं. ते म्हणाले, ह्यांचं रक्त मी स्वतः तीनदा तपासायला लावलंय, मागचे आकडे गेले कुठं?

मागचे आकडे होते, पण दुसऱ्याच नोंदीवर. एका माणसाची दोन माणसं झाली होती. मी उघडून बघत गेले तसतशी गारगोटीची निम्मी पंचक्रोशी दोन-दोनदा जन्मलेली दिसायला लागली.

"जोडून टाका की," सर म्हणाले.

"कशावरून जोडू? एका गावात एकाच नावाची चार-चार माणसं आहेत. बापाचं नावसुद्धा एकच असतं. चुकून दोघांना एक केलं तर एकाची साखर दुसऱ्याच्या अंगात जाईल."

"बघा, म्हणून मी म्हणत होतो तारीख टाका. तारखेवरनं ओळखू आली असती."

"सगळ्यांना एक जून टाकून?"

शेजारचा सहकारी हसला. सर हसले नाहीत. मीसुद्धा नाही. एवढं ओरडून बोलायची माझी सवय नव्हती.

शेवटी मीच गारगोटीला गेले. लॅबच्या डॉक्टरांचं म्हणणं, प्रत्येक दुहेरी पेशंटला फोन करून विचारा, आणि माणसं ओळखणाऱ्या ताईंच्या शेजारी बसून करा. सेंटर म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरचा एक गाळा, पुढं बाकडं, मागं पडदा. ताईंनी मला बघितलं आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्याच त्या. ह्यांनी केलंय ते."

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "ताई, शोध त्याच दिवशी दुपारी नीट झाला होता. तुम्ही परत एकदा तरी बघायचं होतं."

"का बघू? मला काय तेवढंच काम हाय? सकाळधरनं उभा हाय मी. न्हाय म्हणाल्यावर न्हाय. एकदा खोटं बोलल्यालं मशीन परत खरं बोलतंय हे मला कोण सांगणार?"

"सरांनी ग्रुपवर टाकलं होतं."

"ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग असतंय शंभर. त्यात कुठं बघू?"

दोघींचंही खरं होतं, म्हणून भांडण काही मिटलं नाही. त्यांनी मला कोपऱ्यात एक स्टूल दिलं आणि नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागल्या. मी फोन लावायला सुरुवात केली.

लॅबमधून फोन आला की माणसाच्या घरात काय होतं, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. मी म्हणायची, "नमस्कार, लॅबमधनं बोलतेय," आणि पलीकडून कुणीतरी खालच्या आवाजात विचारायचं, "काय निघालं?"

"काही निघालं नाही. फक्त विचारायचं होतं, तुम्ही मागच्या वर्षी पण आला होता का?"

"आलतो. का? तवाचं काय निघालं?"

एका बाईंनी फोन नवऱ्याकडं दिला, नवऱ्यानं दिराकडं, दिरानं मला विचारलं, कोल्हापूरला न्यायला पायजे का. एक मुलगी पलीकडं रडायलाच लागली, आईचे रिपोर्ट होते. मी प्रत्येकाला सांगायची, तुमची तब्येत आणि हा फोन यांचा काही संबंध नाही, आमच्याकडं नाव दोनदा लागलंय, बस. जितकं समजावून सांगावं तितकी माणसं घाबरायची. दुपारनंतर ताईच म्हणाल्या, "तुम्ही नगा करू. तुमचा आवाज हापिसातला हाय. त्यानं भ्या वाटतंय. मी करतो." पण त्यांच्यापुढं रांग होती, त्यांना कुठला वेळ. मीच करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर बाकड्यावर दुसरेच एक आजोबा आणि त्यांचा मुलगा बसलेले. पहिल्या गाडीनं आले होते. भुदरगडातल्या आतल्या गावचे. मुलाची ऊसतोड चालू होती, फडावरचं काम टाकून तो आला होता. आजोबांना आदल्या दिवशी माझा फोन गेला होता.

"ह्याच काय फोनवाल्या?" आजोबांनी ताईंना विचारलं. मग माझ्याकडं वळले. "बाई, मला खरं काय ते सांगा. मी भिणारा माणूस न्हाय. पोराम्होरंच सांगा."

"आजोबा, खरंच काही नाही. तुमचं नाव आमच्याकडं दोनदा लागलंय."

"दोनदा म्हंजे? दोन रोग?"

"नाही हो. माणूस एकच, नोंदी दोन."

"मग नाव इचारायला कोण फोन करतंय व्हय?" मुलगा म्हणाला. "रातभर आमच्यात कुणी झोपलं न्हाय. आई तर सगळ्या पावण्यास्नी सांगून मोकळी झालीया."

मी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. आजोबांना वाचता येत नव्हतं, मुलाला येत होतं. वरची नोंद दाखवली, खालची दाखवली. नाव तेच, गाव तेच. वय वर सत्तर, खाली पंच्याहत्तर, दोन्ही अंदाजे. मुलगा वाचत गेला आणि आजोबा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"म्हंजे ह्यात मी दोन हाय," आजोबा म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही एक करायला आलाय."

"हो."

"मग ह्यातला कुठला ऱ्हाणार आणि कुठला जाणार?"

मुलगा म्हणाला, "आबा!" रांगेतलं कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी सांगितलं की कुणी जाणार नाही, दोघांचे आकडे एकाखाली एक लावायचे आहेत. इतक्या दिवसांचा सगळा वैताग, सरांचा, डॉक्टरांचा, ट्रॅक्टरांचा, त्या म्हाताऱ्याच्या एका प्रश्नाशी येऊन अडला. कुणाला काय समजावून सांगायचं होतं मला? पुण्यातल्या कुणाच्या तरी बोलण्यापायी ह्या माणसाच्या घरात रात्रभर दिवा चालू राहिला होता.

ताईंनी माझ्याकडं बघितलं. पडदा सारून त्या आजोबांना म्हणाल्या, "या हिकडं. परत रगत घेतो, आजच रिपोर्ट देतो. मग तर पटंल? लॅबच्या खात्यावर घालतो मी, बघू कोण काय म्हणतंय ते."

आजोबांनी बाही वर केली. संध्याकाळी रिपोर्ट आला, वयाच्या मानानं बरा होता. ताईंनी तो मुलाला फोनवरून वाचून दाखवला. मागून आजोबांचा आवाज आला, "सांग त्यास्नी, आता परत फोन करू नगा म्हणावं."

असं करत करत गारगोटीची माणसं मी पुन्हा एकेकटी केली. ज्यांचं नक्की कळलं नाही त्यांना दोनदाच ठेवलं. चुकीचं जोडण्यापेक्षा ते बरं. हे सरांना पटलं नाही, पण तोवर त्यांचं लक्ष दुसरीकडं गेलं होतं. शेवटच्या दिवशी ताईंनी मला शेजारच्या गाड्यावरची भजी खाऊ घातली. माफी त्यांनीही मागितली नाही, मीही नाही. फक्त म्हणाल्या, "फुडच्या टायमाला बदलणार असला तर आधी मला फोन करा. मी सांगतो चालतंय का न्हाय."

पुढची वेळ आलीच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी लॅब एका मोठ्या साखळीला विकली. सांगलीकडच्या सेंटरांचं काही झालं नाही. साखळीचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, आमच्या वेबसाइटची त्यांना गरज नव्हती. त्यांच्या कुणा माणसाचा मला एक छोटा ईमेल आला: सगळा डेटा एक्सेलमध्ये पाठवा. कुठल्या डेटाबेसातून काढायचा, तो नवा की जुना, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. फाइल बनवायला मला एक दुपारसुद्धा लागली नाही. संध्याकाळी त्यांचा परत फोन आला, जन्मतारखेचा रकाना काही ठिकाणी रिकामा आहे, आमच्याकडं तो सक्तीचा आहे.

"रिकामाच आहे," मी म्हणाले. "त्या माणसांना तारीख नाही."

"मग आम्ही काहीतरी डिफॉल्ट टाकू, सगळ्यांना एकच," पलीकडचा मुलगा म्हणाला. चांगल्या आवाजात, अगदी सभ्यपणे.

घरी आल्यावर मी हे वडिलांना सांगितलं. ते बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीत बसून टीव्हीवर बातम्या बघत होते. हल्ली त्यांना खरंच कमी ऐकू येतं. मी परत, मोठ्यानं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाले, "तू रिकामं ठेवलंस ना? मग तुझं झालं." मला ते पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर माझ्या टेबलापाशी आले. आमच्याकडं एका शाळेचं फीचं सॉफ्टवेअर आहे, जुन्या डेटाबेसवरच चालतं, कुरकुर न करता.

"मॅडम, शाळेचंपण नव्यावर घेऊ या का? आता तुमचा हात बसलाय की."

मी लॅपटॉप बंद केला आणि गाडीची किल्ली उचलली.

"कुठं निघालाय?"

"शाळेत. ऑफिसातल्या बाईंच्या शेजारी बसून बघते त्या दिवसभर काय करतात ते. मग सांगते."

"अहो पण मी प्रिन्सिपलना..." सर म्हणाले आणि थांबले.

"शब्द दिलाय?"

मी जिना उतरले.